निवडलेल्या वीस टेस्ट

शुक्रवारी दुपारी मोनालीनं आपला तक्ता हरिओमभाऊंसमोर ठेवला आणि दहा मिनिटांत निकाल लागला. पंधरा दिवसांचं काम दहा मिनिटांत मान्य होतं तेव्हा माणसानं खरं तर घाबरायला पाहिजे. पण एकोणतिसाव्या वर्षी तेवढी अक्कल कुणाला असते? ती खुशीत होती. समोसे आले, नव्याच लागलेल्या दोन मुलींनी टाळ्या वाजवल्या. राजानंद सरांनी चष्मा पुसला, तक्त्यावरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, "पोरगी म्हणती तं बराबरच असंन."

एवढंच बोलून ते आपल्या जागेवर जाऊन बसले. समोसा त्यांनी तसाच ठेवला होता.

निकाल कशाचा होता ते आधी सांगायला हवं, नाहीतर हे सगळं हवेतलं वाटेल. जालन्यात बियाण्याच्या कंपन्या उदंड, म्हणून बी तपासणाऱ्या प्रयोगशाळाही उदंड. हरिओमभाऊंची आठ माणसांची कंपनी या प्रयोगशाळांसाठी सॉफ्टवेअर बनवते. तिथं प्रत्येक लॉटमधले शंभर-शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळून ठेवतात आणि ठरलेल्या दिवशी उघडून मोजतात. किती नीट उगवले, किती वेडेवाकडे आले, किती टणक राहिले, किती मेले. हे आकडे भरले की लॉट पास का नापास ते सॉफ्टवेअर सांगतं. ते चुकलं तर त्याची शिक्षा सॉफ्टवेअरला होत नाही. कुठल्या तरी गावात कुणाच्या तरी शेतात ओळीच्या ओळी मोकळ्या राहतात आणि दुसऱ्यांदा पेरावं लागतं.

म्हणून प्रोग्रामचा एकेक बारका भाग तपासायला आणखी एक बारका प्रोग्राम लिहितात. त्याला युनिट टेस्ट म्हणतात. मूळ प्रोग्राममध्ये कुणी काही बदललं की सगळ्या टेस्ट चालवायच्या. कुठं बिघडलं असेल तर तिथली टेस्ट लाल होते, नाहीतर सगळं हिरवं. या टेस्ट लिहिण्याची जी ठरावीक पद्धत आणि अवजारं असतात ते फ्रेमवर्क. ऑफिसात दोन मतं होती. एक फ्रेमवर्क पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेसोबत आपोआप येतं, म्हणून सगळे त्याला नुसतं 'घरचं' म्हणत. दुसरं पायटेस्ट. ओळी कमी, मांडणी सुटसुटीत, आणि नव्या मुली कॉलेजातून तेच शिकून आलेल्या.

राजानंद सरांनी अकरा वर्षांत लिहिलेल्या चारशे बारा टेस्ट होत्या, सगळ्या 'घरच्या'. हरिओमभाऊंचं म्हणणं असं, की एका घरात दोन चुली नकोत. काय ते एकच ठरवा. त्यांनी ते काम मोनालीवर सोपवलं, कारण ती दोन्ही जाणत होती आणि पुण्यात चार वर्षं काढून आली होती. आपल्याकडं पुण्याहून आलेल्या माणसाचा शब्द जरा जड भरतो, मग तो माणूस मूळचा इथल्याच अंबड चौफुलीचा का असेना.

तिनं हिशोबशीर काम केलं, असं तिला वाटत होतं. चारशे बारामधून वीस टेस्ट घेतल्या, त्या पायटेस्टमध्ये नव्यानं लिहून काढल्या, वेळ लावला. एका दिवसात वीस झाल्या. म्हणजे सगळ्या एकवीस दिवसांत. ओळी निम्म्यावर आल्या. वाचायला सोप्या. चूक दाखवायची तर नेमकी दाखवतात. तक्त्यात सात रकाने होते आणि सातही रकान्यांत पायटेस्ट पुढं.

'घरचं' गेलं म्हणजे सरांचं तिथलं कामही गेलं. हरिओमभाऊ माणूस वाईट नाही. त्यांनी सरांना काढलं नाही. एक तारखेपासून सरांनी फोनवर बसायचं. प्रयोगशाळेतल्या बायांना आकडे भरताना अडलं की त्यांना समजावून सांगायचं. तुमच्याइतका धीर कुणाजवळ आहे सर, असं ते गोड बोलून म्हणाले. चोपन्न वर्षांच्या माणसाला खुर्चीवरून उठवताना आपल्याकडं असाच धीराचा गौरव होतो.

मोनालीला वाईट वाटलं नाही असं नाही. तेरा वर्षांपूर्वी चौफुलीवरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये तिला पहिल्यांदा प्रोग्राम लिहायला शिकवला तो सरांनीच. सहा मशीन आणि तीस पोरं. नंबर येईपर्यंत वहीत लिहायचं आणि ओळीवर बोट ठेवून स्वतःच मशीन व्हायचं. पुण्याला कंटाळून ती परत आली तेव्हा हरिओमभाऊंकडं शब्द टाकला तोही त्यांनीच. पण हेच सर अजूनही तिचा प्रोग्राम नव्या मुलींसमोर उघडायचे आणि वर्गातल्या आवाजात विचारायचे, "हे काऊन लिहिलं असं? सांग बरं." ती सांगायची. कान तापायचे. तिच्या मनात काही नव्हतं, असं ती स्वतःला म्हणायची.

रविवारी सकाळी तिच्या आईनं अंगणात गोणपाट भिजवून पसरलं. साळूबाई बावीस वर्षं एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत दाणे मोजायला होती. गेल्या वर्षी घरी बसली, पण हात काही घरी बसायला तयार नव्हते. अंतरवाली सराटीहून तिची बहीण गिरिजाबाई दरवर्षी पेरणीआधी घरच्या सोयाबीनची एक पिशवी पाठवायची. त्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, आठवड्यानं उघडून मोजायचे. सत्तरच्या वर उगवले तर बी पेरायला चांगलं. बहिणीचा साळूबाईच्या मोजणीवर असा भरवसा, की आकडा कळल्याशिवाय ती पेरणीच्या तिफणीला हात लावू द्यायची नाही.

आईला गुडघ्यांमुळं फार वेळ बसवत नव्हतं. म्हणून मोनाली पिशवी मांडीजवळ घेऊन बसली आणि दहा-दहाच्या ओळी मांडू लागली. हात भराभर चालत होता. पाच ओळी झाल्या असतील, तेवढ्यात आई चहा घेऊन आली, क्षणभर बघत उभी राहिली आणि म्हणाली, "उचल हे समदे. परत पिशवीत टाक."

मोनालीनं का म्हणून विचारलं. ओळी तर सरळ होत्या.

"तू निवडून राह्यली."

मोनाली हसली. निवडायला काय तांदूळ आहेत का, म्हणाली. पिशवीत हात घालते, येईल तो दाणा ठेवते.

आईनं वाद घातला नाही. खाली वाकून तिनं मांडलेल्या ओळींकडं बोट केलं आणि मग पिशवीचं तोंड उघडून दाखवलं. पिशवीत सुरकुतलेले, डागी, साल उडालेले दाणे भरपूर होते. गोणपाटावर एकही नव्हता. पन्नासच्या पन्नास गोल, गुळगुळीत, एका मापाचे.

"जल्मभर निवडायची सवय असती हाताला," आई म्हणाली. "डोळ्याला बी कळत न्हाई. मीबी पहिल्या हप्त्यात असंच केल्तं. शंभरात अठ्ठ्यान्नव उगवले. तिथली मोठी बाई म्हणली, साळू, तू बी तपासलं का तुझा हात? तव्हापासून मूठ घालताना मी तोंड तिकडं करते."

असं म्हणून तिनं पिशवीत कोपरापर्यंत हात घातला, मान भिंतीकडं वळवली, एक मूठ तळातून काढली, एक मधून, एक वरून. मग त्या मुठींतले दाणे जसे आले तसे, एकही मागं न टाकता, मांडत गेली. या वेळी गोणपाटावर सगळी जात उतरली, चांगली आणि वाईट.

चहा तसाच निवत राहिला. मोनालीला आपल्या वीस टेस्ट आठवल्या.

तिनं त्या घेतल्या होत्या कशा? फाइल उघडायची, बघायची, घ्यायची. काही फाइली उघडल्या-उघडल्या बंद केल्या होत्या. त्या का बंद केल्या, हे तिनं स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. ही जरा किचकट दिसते, नंतर बघू, आधी दुसरी घेऊ. प्रत्येक वेळी एवढंच. खोटं तिनं कुठं केलं नव्हतं. तक्त्यातला आकडा न् आकडा खरा होता. फक्त दाणे गोल होते.

हात धुऊन ती आत गेली आणि लॅपटॉप उघडला. या वेळी निवड तिनं केली नाही. चारशे बारा टेस्टना क्रमांक दिले आणि मशीनलाच म्हटलं, डोळे मिटून वीस काढ. निघालेल्या वीसमधल्या नऊ नेमक्या त्या होत्या, ज्यांच्या फाइली तिनं उघडून बंद केल्या होत्या. सरांनी त्या पायऱ्यांसारख्या रचल्या होत्या. खालच्या पायरीवर चार सामाईक गोष्टी, तिच्यावर दुसरी पायरी, आणि अशा तीन-चार पायऱ्यांवर उभी असलेली टेस्ट. एक हलवायची तर खालचं सगळं समजून घ्यावं लागे. दुपारपर्यंत तिच्या कशाबशा दोन झाल्या.

एवढंच असतं तर प्रश्न वेळेचाच राहिला असता. एकवीस दिवसांऐवजी तीन महिने लागले असते. पण क्लासात सरांनी लावलेली एक सवय तिच्या अंगात होती: टेस्ट हिरवी झाली म्हणून खूश व्हायचं नाही, प्रोग्राम मुद्दाम बिघडवायचा आणि टेस्ट लाल होते का ते बघायचं. तिनं प्रोग्राममध्ये टणक दाणे मोजायचंच बंद करून टाकलं. शंभरातले सहा टणक दाणे हवेत गायब. सरांची जुनी टेस्ट लगेच लाल झाली. तिची नवी टेस्ट हिरवीगार राहिली.

ती बराच वेळ त्या हिरव्या रंगाकडं बघत बसली. मग एकेक पायरी उतरत खाली गेली. अगदी तळाच्या पायरीवर, टेस्ट संपल्यावर आवराआवर करायची जी जागा असते, तिथं सरांनी दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या. नीट, वेडेवाकडे, टणक, मेलेले, या चौघांची बेरीज शंभरच आली पाहिजे. प्रयोगशाळेच्या रजिस्टरात प्रत्येक ओळीखाली बाया अशीच बेरीज मांडतात आणि ती शंभर भरल्याशिवाय पान उलटत नाहीत. तोच रिवाज सरांनी प्रोग्राममध्ये आणला होता. वर कुठंही त्याचा गाजावाजा नाही. त्या पायऱ्यांवरच्या प्रत्येक टेस्टच्या शेवटी ही बेरीज गुपचूप होत होती. मोनालीला ती केवळ आवराआवर वाटली आणि नव्यानं लिहिताना तिनं ती गाळून टाकली.

सरळ सांगायचं तर तिला लाज वाटली. एक तारखेनंतर हेच तिनं चारशे बारा वेळा केलं असतं, आणि दर वेळी हिरवं बघून समोसे खाल्ले असते.

सोमवारी सकाळी ती हरिओमभाऊंच्या केबिनमध्ये गेली आणि दार उघडंच ठेवलं, म्हणजे बाहेरच्यांना ऐकू जावं. माझा तक्ता चुकला आहे, म्हणाली. आकडे चुकले नाहीत, मी घेतलेल्या टेस्ट चुकल्या आहेत. सोप्या तेवढ्या वेचल्या. मग नव्या वीसचा हिशोब दाखवला आणि ती बिघडवून हिरवी राहिलेली टेस्टही दाखवली.

हरिओमभाऊंचा चेहरा उतरला. त्यांनी शनिवारीच प्रयोगशाळांना फोन करून सांगितलं होतं, की एक तारखेपासून राजानंद सर फोनवर असतील. मंग पंधरा दिवस तू केलं काय, असं ते बोलले, आणि बरंच काही बोलले. पुढच्या वेळी असं काम तुझ्या एकटीकडं देणार न्हाई, हेही बोलले. मोनाली ऐकून घेत होती. ते चुकीचं बोलत नव्हते.

बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, की आता उपाय काय. तिनं सांगितलं. पायटेस्टला सरांच्या जुन्या टेस्ट आहे तशा चालवता येतात. त्यांच्या एका ओळीला हात लावायची गरज नाही. नव्या टेस्ट पायटेस्टमध्ये लिहू. जुनी टेस्ट हलवायची ती काही कारणानं उघडावीच लागली तरच, आणि हलवताना सर शेजारी बसलेले पाहिजेत. मंग दोन चुली राहिल्याच की, हरिओमभाऊ म्हणाले. राहतील, ती म्हणाली. थोडी वर्षं राहतील.

त्यांना ते बिलकुल पटलं नव्हतं, पण ती हिरवी टेस्ट त्यांनी डोळ्यांनी बघितली होती. फोनवर दुसरा माणूस बघावा लागेल, एवढं पुटपुटत ते उठले. राजानंद सर दिवसभर आपल्या जागी होते. मोनालीकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही. ती दोनदा त्यांच्या टेबलाशी गेली आणि दोन्ही वेळा नुसतं पाणी पिऊन परत आली.

साडेपाचला सर अंबडच्या गाडीसाठी चौफुलीवर येतात. मोनालीचं घर तिथून हाकेच्या अंतरावर. त्या दिवशी ती त्यांच्यासोबतच निघाली. रस्ताभर सर ऊन, गाड्यांचं वेळापत्रक, नातीचा दाखला असलं काहीबाही बोलत होते. थांब्यावर कडुलिंबाच्या सावलीत ते टेकले आणि मग म्हणाले, "मला ठाऊक व्हतं."

काय, म्हणून तिनं विचारलं.

"तुझ्या वीस टेस्टची यादी मी पहिल्याच दिवशी पाह्यल्ती. वीसच्या वीस सपाट. पायऱ्यांवरची एक न्हाई."

मग बोलला का नाही सर, तिनं विचारलं. एक शब्द टाकला असता तर तिथल्या तिथं निस्तरलं असतं.

सरांनी चष्मा काढून हातात धरला. चष्म्याविना त्यांचा चेहरा म्हातारा दिसतो, हे तिला कधी दिसलं नव्हतं. "मला वाटलं, तू समजून-उमजून केलं," ते म्हणाले. "मी शिकवलेली पोरगी इतकी कच्ची न्हाई, असं वाटलं. मंग म्हणलं, तिला मी तिथं नको असंन. जाऊ द्यावं."

नाही म्हणायला तिनं तोंड उघडलं. माझ्या ध्यानात नाही आलं सर, हे शब्द जिभेवर तयार होते आणि ते खरेही होते. मशीनसमोर बसून त्या फाइली बंद करताना तिच्या खरंच ध्यानात आलं नव्हतं. पण समोर बसलेल्या माणसानं पंधरा दिवस हे एकट्यानं उरात ठेवलं होतं, रोज येऊन तिच्यासमोर काम केलं होतं, आणि सगळ्यांसमोर तिलाच बरोबर ठरवलं होतं. त्याला अर्धं खरं देऊन परत अंबडला पाठवायचं, हे तिच्यानं होईना.

"समजून नाही केलं सर," ती म्हणाली. "पण तुम्ही सगळ्यांसमोर चुका काढता तेव्हा कधी कधी वाटायचं, की सर इथं नसते तर बरं झालं असतं."

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"हे हरिओमला सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"नको सांगू. ते आपल्या दोघांतलं हाय." मग म्हणाले, "आवाज मोठाच हाय माझा. तीस पोरांचा वर्ग व्हता ना. लोकांसमोर न्हाई विचारणार आता."

तिनं मान हलवली. डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा तिनं प्रयत्न केला नाही. तेवढ्यात गाडी आली. सरांनी पिशवी खांद्याला अडकवली, पायरीवर एक पाय ठेवला आणि मागं वळून बघितलं. कंडक्टर आत सरका म्हणत होता, तरी ते क्षणभर तसेच उभे राहिले.

"ते पायटेस्ट मला शिकायचं हाय," ते म्हणाले. "हरिओम म्हणत व्हता, त्या नव्या पोरी शिकवतील. मी त्याला न्हाई म्हणलं. शिकंन तं तुझ्याचकडून शिकंन. उद्या साडेनवाला ये, वही मी आणतो."